जुनेर

जुनेर हा शब्द आता कमी ऐकू येतो. वापरून वापरून विरलेलं लुगडं, धोतर, पंचा, ते जुनेर. फाटकं वेगळं आणि जुनेर वेगळं. फाटकं म्हणजे कामातून गेलेलं. जुनेर म्हणजे एका कामातून सुटलेलं आणि दुसऱ्या कामाला लागायला तयार झालेलं. आमच्या लहानपणी माळ्यावर जुनेरांचं एक वेगळं गाठोडं असायचं. गोधडी त्यातून, पोतेरं त्यातून, भाकऱ्या बांधायचं फडकं त्यातून, दिव्याची वात त्यातून, कोयता लागला तर पट्टी त्यातून. आणि घरात बाळंतपण जवळ आलं की त्यातले सगळ्यात मऊ तुकडे बाजूला निघायचे.

म्हणजे माणसाच्या अंगाला लागायचं पहिलं कापड जुनं असायचं. गरिबाघरीच नव्हे, चांगल्या वाडीवाल्यांच्या घरीही. बाळ जन्माला यायच्या आधी नवे कपडे आणून ठेवायचे नाहीत असा दंडकच होता. नवं झबलं, नवी कुंची, ते सगळं बारशाला. तोवर आजीचं लुगडं आणि आजोबाचं धोतर. म्हाताऱ्या बायका सांगायच्या, सटवीने कपाळी लिहायच्या आधी कौतुक करू नये, नजर लागते. आपण हसतो. पण त्या काळी किती पोरं महिन्याच्या आत जायची ते ज्यांनी पाहिलंय ते हसणार नाहीत. हौसेने शिवून ठेवलेलं झबलं रिकामं घडी घालायची कुणाची छाती होती? दुसरं कारण साधं आहे. नव्या कापडाला खळ असते, ते बोचतं. शंभर वेळा धुतलेलं, उन्हात वाळलेलं सुती कापड बाळाच्या कातडीला बोचत नाही. मऊपणा दुकानात विकत मिळत नाही, तो कुणाच्या तरी अंगावर वर्षानुवर्षं तयार व्हावा लागतो.

इथेच मला एक गोष्ट अडते. आपल्याला सगळ्यात प्रिय असलेल्या जिवाला आपण जुनं कापड देतो. आणि दारात आलेल्या परक्या गरिबालाही आपण जुनंच कापड देतो. पहिल्याला माया म्हणतात, दुसऱ्याला दान. घेणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर दुसऱ्याला दान तरी म्हणावं का, असं वाटतं. कापड तेच, हात तेच. मग फरक पडतो कुठे? मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, मोठ्या ग्रंथांत याचं उत्तर कुठे लिहिलं असेल तर मला ठाऊक नाही. पण आमच्या घरात तीन वर्षांपूर्वी हा प्रश्न बाळाच्या पायातल्या जोड्यांवरून निघाला, आणि तेव्हापासून वाडीत पाणी सोडताना मी तो चघळत असतो.

बाळाच्या पायात जोडे ही काही आमच्याकडची रीत नव्हे. कुंची, टोपडं, झबलं, दुपटं, लंगोट, थंडीत फार तर लोकरीचे पायमोजे. पायाला काळी तीट लावायची आणि वाळे घालायचे. बूट कुणी घालत नसे. आता फोटो काढायचे असतात, म्हणून नातू झाल्यावर भेटी आल्या त्यात चार जोडी बूट होते. कडक तळाचे, एकाला तर चालताना वाजणारी शिट्टी. चार महिन्यांच्या बाळाला, जे अजून पालथं पडायला शिकतंय, त्याला चालताना वाजणारे बूट! सुनेने मुलांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, घरात पाय उघडेच राहू द्या, तेच उत्तम. पावलातली हाडं अजून पुरती हाडं झालेली नसतात, कूर्चा असते, दाबाल तशी दबते. थंडी असेल किंवा बाहेर न्यायचं असेल तर मऊ कापडाचं काहीतरी घाला, सैल.

मग माझ्या बायकोने पायमशीन बाहेर काढली. कापड निवडलं माझ्या आईच्या नऊवारी लुगड्याचं. आई जाऊन वर्ष झालं होतं. तिची चांगली लुगडी बहिणींनी वाटून घेतली होती. हे एक रोजचं, वाडीत नेसायचं, कुणी घेतलं नव्हतं, ते जुनेरांत पडलं होतं.

शिवायची रीत सांगतो, कारण शहरातल्या पुष्कळ जणींनी नंतर ती विचारली. बाळ झोपलं असताना जुन्या कॅलेंडरच्या पानावर पावलाची रेघ मारायची. जन्मलेल्या बाळाचं पाऊल साधारण तीन इंच असतं, वर्षाचं होईस्तोवर साडेचारच्या आसपास जातं, त्यामुळे मापाला करंगळीएवढी जागा जास्त सोडायची. एका पायाला तीन तुकडे लागतात: तळ, पुढचा पंजा झाकणारा, आणि टाचेचा. बाहेरून मुलाच्या जुन्या जीन्सचं कापड, आतून लुगड्याचं, तळात लुगड्याच्याच दोन घड्या गोधडीसारख्या टाके घालून. टाचेच्या तुकड्याला नेफा करून त्यात बारीक इलॅस्टिक ओवायचं, पण पायावर वळ उठेल इतकं ताणायचं नाही. शिवण आत येता कामा नये. आतला सुटलेला दोरा तर सगळ्यात वाईट, तो बोटाला गुंडाळला तर बोट सुजतं आणि बाळ का रडतंय ते कळत नाही. बटण, मणी, घुंगरू काहीही लावायचं नाही, बाळाचा पाय सरळ तोंडात जातो. झालं की उकळत्या पाण्यात टाकून कडक उन्हात वाळवायचे. दोन तासांचं काम, हात बसला की एका तासाचं.

एक गोष्ट आता अडचणीची झाली आहे. हल्लीच्या साड्यांचं जुनेर होत नाही. पॉलिस्टर कितीही धुवा, ते मऊ पडत नाही, घाम टिपत नाही, नुसतं गुळगुळीत होतं आणि एक दिवस फाटतं. वीस वर्षांनी लोकांना बाळासाठी मऊ जुनं कापड मिळेल की नाही, मला शंका आहे. तेही विकत आणावं लागेल.

तर जोडे झाले. मोठी बहीण भेटायला आली, तिने ते हातात घेतले, काठ ओळखला आणि तिचा चेहरा उतरला. ती माझ्या बायकोला म्हणाली, "अगं, आईला आपल्या कातड्याचे जोडे करून घातले तरी तिचे उपकार फिटायचे नाहीत, आणि तू आईच्या लुगड्याचे जोडे केलेस? पायात?"

बायको गप्प बसली. ताईचं बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. आपल्याकडे पाय लागला तर पुस्तकाला नमस्कार करतात, धान्याला करतात, झाडूला करतात. मोठ्या माणसाच्या वस्त्राला पाय लावत नाहीत. त्यात पायताण म्हणजे सगळ्यात खालची वस्तू. इतकी खालची, की ती करणाऱ्या माणसालाही आपल्या समाजाने शेकडो वर्षं खाली बसवलं, आणि त्याच्या हातचे जोडे मात्र रुबाबात घातले. संत रोहिदास तेच काम करत होते हे आपण जयंतीला सांगतो, एरवी विसरतो. जोड्यांच्या भोवतीचा हा विटाळ आमच्या हाडामांसात आहे, ताईच्या बोलण्यात थोडा तोही होता. पण सगळा तोच नव्हता. आईच्या वस्तूची आब राखावी, एवढं तिचं खरं म्हणणं होतं.

मी त्यावर बराच विचार केला. आईचं ते लुगडं काय काय सोसून होतं? त्याच्या ओच्यात भेंडी आली, वांगी आली. त्याच्या पदराला आमची नाकं पुसली गेली. आम्ही पाच भावंडं तिच्या मांडीवर याच असल्या लुगड्यांवर मुतलो, आणि तिथेच पडून लाथा झाडल्या. तेव्हा लुगड्याचा अपमान झाला का? बाळाचे पाय लागून आईचं वस्त्र विटाळत असेल तर जगातलं एकही लुगडं शुद्ध नाही. आपण बाळाच्या तळपायाचे मुके घेतो. ज्या पायांनी अजून माती पाहिली नाही, कुणाला तुडवलं नाही, ते पाय आणि आपले पाय एक नव्हेत. मी ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, "तू बोलायला हुशार." पटलं असं म्हणाली नाही.

पण मोठा पेच पुढेच होता.

दिवाळी झाली की आमच्या पट्ट्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची माणसं कामाला येतात. कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी वाडीत. तिकडे पावसाळी भातनागली निघाली की हाताला काम उरत नाही, म्हणून होळीपर्यंत किंवा पावसाच्या तोंडापर्यंत ती इकडे राहतात. त्या वर्षी आमच्या केळीत एक जोडपं होतं, त्यांचं बाळ आमच्या नातवाच्याच वयाचं. आंब्याच्या फांदीला साडीची झोळी बांधून बाळ त्यात ठेवायचं आणि आई केळीची पानं कापायची. पौषातली थंडी, झोळीबाहेर आलेली दोन पावलं. माझ्या बायकोने रात्री बसून आईच्या त्याच लुगड्याचे आणखी एक जोडी जोडे शिवले आणि सकाळी तिला दिले.

आता माझ्या हिशेबाने यात खोट काढायला जागा नव्हती. "जे आपल्या पोराला घालणार नाही ते दुसऱ्याच्या पोराला देऊ नये" ही कसोटी मी स्वतः अनेकांना सांगितली आहे. पूर आला, आग लागली की लोक काय काय देतात ते आपण पाहतो: चेन तुटलेल्या पँटी, एका पायाचा मोजा, लग्नातला घामट कोट. त्याला देणं म्हणत नाहीत, त्याला घर साफ करणं म्हणतात. गोखिवऱ्याच्या डम्पिंगवर जाणारा ढिगारा तेवढा दुसऱ्याच्या दारात जातो. आमची बोहारीण बरी. ती जुनी साडी उजेडात धरून पाहते, विरली असेल तर तोंडावर परत फेकते आणि पातेल्यासाठी आणखी दोन कपडे मागते. तिथे उपकार नाही, सौदा आहे, म्हणून दोघींची मान ताठ राहते. इथे तर कापड आईचं, तेच नातवाच्या पायात, शिवण तीच. कसोटीला उतरलेलं.

त्या बाईने जोडे घेतले, कपाळाला लावले, आणि बाळाच्या पायात घातले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, आठवड्याने नाहीत.

जुनं देण्याबद्दल आपल्याकडेच एक गोष्ट आहे, लहानपणी प्रत्येकाने ऐकलेली. कृष्णाचं बोट कापलं. सुभद्रेकडे चिंधी मागितली तर ती म्हणाली, माझे शालू, पैठण्या, त्यातली चिंधी कुठली काढू? द्रौपदीने अंगावरच्या भरजरी वस्त्राची चिंधी फाडली. गोष्ट सांगणाऱ्या बायांना जुनेराचं गाठोडं काय असतं हे चांगलं ठाऊक होतं. सुभद्रेने ते शोधलं असतं तर रक्त तसंही थांबलं असतं, कदाचित मऊ सुती कापडाने जास्त लवकर. तरी त्यांनी गोष्ट अशीच ठेवली.

याच्या उलटही एक गोष्ट आमच्या जवळचीच आहे. सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर नालासोपाऱ्याचा स्तूप आहे, लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. आत दगडाची पेटी निघाली, तिच्यात तांब्याची डबी, तिच्यात एकात एक चांदीची, दगडाची, स्फटिकाची, आणि सगळ्यात आत सोन्याची. त्या सोन्याच्या डबीत काय होतं? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. खापऱ्या. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे असावेत असं इंद्रजींचं मत पडलं. त्या वस्तू मुंबईला एशियाटिक सोसायटीत आहेत. त्या भिक्षूंची चिवरंही पूर्वी टाकलेल्या चिंध्यांची असत, पांसुकूल म्हणत. चिंध्या जोडायच्या कशा, तर मगधातल्या भातखाचरांच्या बांधांसारख्या, असं विनयात सांगितलंय. शेतकऱ्याला हे वाचून बरं वाटतं. पण त्या भिक्षूंनी चिंधी स्वतः निवडली होती. राजाघरची वस्त्रं सोडून आलेल्या माणसाने चिंधी नेसणं आणि ज्याच्याकडे दुसरं नाहीच त्याच्या अंगावर चिंधी टाकणं, यात जमीनअस्मानाचा फरक आहे. गाडगेबाबांचंही तसंच. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणायचे, पण ती गोधडी त्यांच्या अंगावर कुणी टाकली नव्हती.

आणि जुनं म्हणजे कमी, असं तरी आपण सगळीकडे कुठे मानतो? आमच्या आगाशीची सुकेळी घ्या. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात सुकवलेली. ताज्या केळ्यापेक्षा महाग जातात, लोक शोधत येतात. तिथे सुकलेलं म्हणून कुणी नाक मुरडत नाही.

शेवटी माझ्या बायकोने त्या बाईला विचारलं. रागाने नाही, काळजीने. मापाला होत नाहीत का? ती आधी हसली. मग म्हणाली, "मावशी, चांगलेच आहेत. पण ते तुमच्या घरच्या म्हातारीचं हाय. मी तिला बघली नाय. पोराला माझ्या लुगड्याचा वास कळतो, तो घेऊन तो झोपतो." एवढं बोलून ती पान कापायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती पदरात एक तुकडा घेऊन. तिच्याकडे दोन साड्या होत्या, आलटून पालटून नेसायची. त्यातल्या नेसत्या साडीचा हातभर तुकडा तिने फाडून आणला होता. म्हणाली, "याचे शिव. तुझे शिवतेस तसे." आणि सोबत फडक्यात बांधलेलं शेरभर नागलीचं पीठ.

बायकोला ते पीठ घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, घे. ते परत केलं असतं तर जोडे पुन्हा दानाचे झाले असते. दिल्लीच्या गूंज संस्थेबद्दल मी पुढे वाचलं. अंशू गुप्तांनी ती १९९९ मध्ये सुरू केली, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरातले जुने कपडे ते गावात फुकट वाटत नाहीत. गावाने आपल्या गरजेचं काम ठरवायचं, विहीर खणायची, रस्ता बांधायचा, आणि त्या मेहनतीचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. वाचून मला त्या नागलीच्या पिठाची आठवण झाली. पण खरं सांगायचं तर तिचं म्हणणं मोबदल्याच्याही पुढचं होतं. आम्ही कापड चांगलं आहे का एवढंच पाहत होतो, ती कापड कुणाचं आहे ते पाहत होती. आमच्या नातवाला आम्ही जुनं दिलं ते जुनं म्हणून नव्हे, पणजीचं म्हणून. तिच्या पोराला आमची पणजी कोण? त्याच्या लेखी ते नुसतं जुनं. तिला पोराच्या पायात स्वतःचं काहीतरी हवं होतं, आणि तेवढं तिच्याकडे होतं.

तुम्ही म्हणाल, तिच्याकडे नसतं तर? थंडीने काकडणाऱ्याला कुणाच्या कापडाची ओळख कशाला हवी? बरोबर आहे. उघड्याला आधी झाकावं, मग बाकीचं. पण "आधी झाकावं" म्हणता म्हणता आपण विचारायचंच विसरतो. पानिपतच्या गिरण्यांत जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या करून त्यांचं सूत काढतात, त्याची ब्लँकेटं होतात, आणि आपल्याकडे धर्मादायात वाटली जातात ती पुष्कळदा हीच. ऊब देतात, मी नाही म्हणत नाही. पण ती घेणाऱ्याला कुणी कधी विचारलंय, तुला कुठलं हवं? विचारायला काही पैसे पडत नाहीत. वेळ मात्र पडतो, आणि समोरचा "नको" म्हणण्याची शक्यता असते. देणाऱ्याला तीच सोसत नाही असं मला दिसतं.

त्या तुकड्यावर केळीच्या चिकाचे डाग होते. ज्यांनी केळीत काम केलंय त्यांना माहीत आहे, तो डाग जात नाही. आधी पाण्यासारखा दिसतो, वाळला की तपकिरी होतो आणि कापडाबरोबरच संपतो. आमच्याच वाडीतले डाग ते. बायको खाका उलटसुलट करून डाग चुकवून कापायला बघत होती. ती बाई शेजारी उकिडवी बसली होती, म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पुढच्या बाजूलाच घे." डाव्या जोड्याच्या पंजावर तो डाग आला, पानासारखा. ते जोडे मात्र त्याच दिवशी पायात गेले. पुढे ते तोकडे झाले तेव्हा पुढची जोडी तिने आमच्या ओटीवर बसून हातानेच शिवली. तिचे टाके माझ्या बायकोच्या मशीनपेक्षा बारीक होते.

होळीला ती माणसं गावी गेली. आईच्या लुगड्याची ती पहिली जोडी तिने जाताना धुऊन, घडी करून परत दिली. आमच्या नातवाला तोवर ती लहान झाली होती. अजून कपाटात आहे.

लुगड्यातला वावभर तुकडा शिल्लक होता. गेल्या गणपतीत ताई आली होती, तिने तो मागितला. कशाला हवा ते तिने सांगितलं नाही, आणि माझ्या बायकोने विचारलं नाही. कागदात गुंडाळून दिला.